पार्श्वभूमी : पुणे केंद्र राहावं, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?

२०२३ च्या जूनमध्ये बातमी आली, की आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद होणार आणि इथलं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून दिलं जाणार. श्रोते, पत्रकार, पक्षांचे नेते सगळेच बोलले, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पुणेकरांनी सुटकेचा श्वास टाकला. पण बंद करण्याचा निर्णय झाला तो कार्यालयीन पातळीवर, आणि तो थांबला तोही तसाच. पुण्याला स्वतःचं बातमीपत्र असलंच पाहिजे, असं संसदेनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. सार्वजनिक प्रसारकानं कोणत्या वाहिन्या द्यायच्या हे कायद्यानं ठरवावं का, हा प्रश्न आपल्या दारात आला तो असा.

मुळं मात्र फार मागची आहेत. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी रेडिओ सुरू झाला तो खासगी कंपनीचा. तीन वर्षांत ती बुडाली, सरकारनं कारभार हाती घेतला, आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. तेव्हापासून पुढची साठ वर्षं रेडिओ हे सरकारी खातंच होतं. काय ऐकवायचं हे मंत्री ठरवणार. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी मानाचं पान दिलं, सिनेसंगीताला दार लावलं. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. देशातली सर्वांत लाडकी वाहिनी अशी श्रोत्यांच्या रेट्यानं जन्माला आली. तिच्यावर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या केंद्रांत मुंबई-नागपूरबरोबर पुणंही होतं.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीडच वर्षानं, १ एप्रिल १९५५ पासून, इथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागलं. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. वर्षभरात छप्पन्न गाणी. कायद्याच्या सक्तीला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. कायदा फार तर तासभर भक्तिसंगीत लावायला सांगेल, गीतरामायण लिहून घेऊ शकणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते घडलं कारण पुण्यात केंद्र होतं, केंद्रावर निर्णय घेऊ शकणारा माणूस होता, आणि गावातले कवी-गायक त्याच्या हाकेच्या अंतरावर होते. ही व्यवस्था मात्र कायदा राखू शकतो.

दूरदर्शनचं तसं झालं नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं. गच्चीवरचा अँटेना गडाकडे फिरवायचा आणि खाली ओरडून विचारायचं, “मुंग्या गेल्या का?” टीव्हीचं प्रशिक्षण १९७४ पासून इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळायचं, पण पडद्यावर दिसायची ती मुंबई.

प्रसारण सरकारच्या हातून काढावं, असं चंदा समितीनं १९६६ मध्ये आणि वर्गीज समितीनं १९७८ मध्ये सांगितलं. आकाशवाणी आणि दूरदर्शन ‘प्रसार भारती’ या स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. त्याचं कलम १२ वाचण्यासारखं आहे. शिक्षण, शेती, आरोग्य, खेळ, स्त्रिया, दुर्बल घटक, प्रत्येक राज्याच्या भाषेत प्रादेशिक सेवा, सगळं त्यात आहे. एकाही वाहिनीचं किंवा केंद्राचं नाव नाही. त्यामुळे सह्याद्री असो वा २०१५ ची डीडी किसान, त्यांचं असणं-नसणं प्रशासनाच्या निर्णयावर. सक्ती संसदेनं केली ती इतरांवर : १९९५ च्या कायद्यानं केबलवाल्यांना दूरदर्शन दाखवायला लावलं, आणि २००७ च्या कायद्यानं क्रीडावाहिन्यांना महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायला लावलं.

बाहेर दोन्ही वाटा चोखाळून झाल्या आहेत. वेल्समध्ये वेल्श भाषेच्या वाहिनीचं वचन ब्रिटिश सरकारनं फिरवलं, तेव्हा ग्विनफोर इव्हान्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला ‘एस-फोर-सी’ सुरू झाली, कायद्याचा आधार घेऊनच. ती आजही आहे. जर्मनीत उलट. तिथं राज्यांच्या करारात वाहिन्यांची नावंच असतात. जुलै २०२३ पासून मात्र मुख्य वाहिन्या पक्क्या ठेवून बाकीच्यांपैकी कोणती चालू ठेवायची, कोणती इंटरनेटवर न्यायची, याची मोकळीक प्रसारकांना दिली. प्रेक्षक मोबाइलकडे वळला असताना नावांची यादी गळ्यात धोंडा होते, हे त्यांना दिसलं होतं.

मला जर्मनांची सावधगिरी पटते, पण पुण्याला गरज वेल्ससारख्या हमीची आहे. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावता येतात. म्हणजे रेडिओवर पुण्याची बातमी द्यायला दुसरं कुणी नाहीच. नारायण पेठेत माझी आजी पावसाळ्यात सकाळची बातमीपत्रं कान देऊन ऐकायची. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याचं कळलं, की भाजी चिरता चिरता शेजारच्या दादाला हाक मारायची, “अरे, पात्रातली गाडी काढ आधी.” किती क्युसेक म्हणजे भिडे पूल पाण्याखाली, हा हिशेब तिला पाठ होता. बातमी लिहिणाऱ्यालाही तो पाठ असावा लागतो, आणि त्यासाठी तो मुठेच्या काठी राहणारा हवा.

म्हणून वाहिन्यांची नावं आणि संख्या कायद्यात नकोत. त्या प्रसार भारतीनं काळ पाहून ठरवाव्यात. कलम १२ मध्ये राज्याची भाषा आधीच आहे. तिथं एवढंच जोडावं, की चालू केंद्रावरचं स्थानिक बातमीपत्र त्याच गावातून, तिथल्या वार्ताहरांनी द्यायचं, आणि ते बंद करायचं असेल तर आधी श्रोत्यांची जाहीर सुनावणी घ्यायची.