दोघांच्याही मनात शिरणारी प्रेमकथा

दोन मुलग्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमाचं चांगलं कॉमिक वाचून संपवल्यावर जे समाधान वाटतं, ते ‘जमलं एकदाचं’ एवढ्यापुरतं नसतं. वाचक दोघांच्याही मनात जाऊन आलेला असतो, खरी मजा त्यात आहे. एरवी प्रेमकथा एकाच्याच डोळ्यांनी दिसते आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं आवडून घेणं येतं. इथे तसं होत नाही, आणि त्याचं कारण १९७०च्या दशकातल्या मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, सापडतं.

मुलींच्या मासिकांत तोवर पुरुष चित्रकार बरेच होते. मग १९४९च्या आसपास जन्मलेल्या बायकांची एक पिढी आली: हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको. पैकी हागिओ आणि ताकेमिया काही काळ तोक्योच्या नेरिमा भागात एकाच घरात राहून काम करत होत्या. डिसेंबर १९७०मध्ये छापून आलेली ताकेमियाची एक छोटी कथा मुलग्यांच्या आपसातल्या प्रेमाची पहिली मांगा मानली जाते.

पण मुलींच्या मासिकात नायक मुलगे कशाला? हागिओने आपली निवासी शाळेतली एक कथा आधी मुलींच्या शाळेत घडवून पाहिली होती. ती काही जमेना. मुलांच्या शाळेत नेल्यावर जमली. मुलगी नायिका झाली की लाज, लग्न, लोक काय म्हणतील, हे सगळं आपोआप तिच्या मागे यायचं. मुलाला यातलं काही चिकटलेलं नव्हतं. वाचणाऱ्या मुलींना इच्छा आणि भीती दोन्ही थोड्या सुरक्षित अंतरावरून अनुभवता आल्या. शिवाय मुलींच्या मांगाची एक खास रीत हाताशी होतीच. पात्राच्या मनातलं बोलणं फुग्यात न कोंडता चौकटींवर मोकळं सोडायचं. ते दोन्ही नायकांच्या वाट्याला आलं आणि कथेचा तोल बदलला.

१९७४च्या ‘तोमा नो शिंझो’ (तोमाचं हृदय) या मालिकेमध्ये हागिओने हे फार ताकदीने केलं. तोमा पहिल्याच पानांत जीव देतो आणि मागे राहतं त्याचं शाळासोबती युलीला लिहिलेलं पत्र. पुढची सगळी कथा युलीची: आपण प्रेमाच्या लायकीचेच नाही अशी त्याची पक्की समजूत आणि ती सुटेपर्यंतचा त्रास. सुरुवातीला या मालिकेला वाचकांचा कौल इतका थंड होता की ती बंद व्हायच्या बेतात होती. ताकेमियाला तर ‘काझे तो की नो उता’ ही दोन मुलग्यांची प्रेमकथा छापून आणण्यासाठी १९७६पर्यंत थांबावं लागलं. आधी दुसऱ्या मालिकेवर नाव कमवावं लागलं. त्या काळात शेवट बहुधा दुःखाचाच असे. माझ्या मते रडण्याचं समाधान खरं असलं, तरी त्यात एक पळवाट होती: नायक मेला की पुढे जगायचं कसं, हा प्रश्नच उरत नाही.

१९७५मध्ये कोमिकेत हा हौशी प्रकाशनांचा मेळा सुरू झाला. १९८०च्या दशकात फुटबॉलच्या लोकप्रिय मांगातल्या खेळाडूंच्या जोड्या लावून चाहत्या ढिगाने पुस्तिका काढू लागल्या. मैत्री आणि चुरस मूळ कथेत होतीच. यांनी फक्त त्यामागचं न बोललेलं शोधलं. आजही चाहते ‘शिपिंग’ करतात, म्हणजे आवडत्या पात्रांच्या जोड्या लावतात, ते हेच.

१९९०च्या दशकात बीएलचा (‘बॉइज लव्ह’, मुलग्यांच्या प्रेमकथांचा) धंदा उभा राहिला, गोड शेवट रुळला आणि साचेही पडले: एक पुढाकार घेणारा, दुसरा लाजणारा. १९९२मध्ये सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी लघुपत्रिकेत, यात खऱ्या समलिंगी पुरुषांना जागाच कुठे आहे, असा जाब विचारला. त्यावरचा वाद काही वर्षं चालला. टीका झोंबणारी होती, पण रास्त होती.

पुढे २००७पासून योशिनागा फुमी या मांगाकर्तीने पुरुषांच्या साप्ताहिकात एक वकील आणि एक केशकर्तनकार यांचा संसार मांडला. रोजचा स्वयंपाक, आईवडिलांची चिंता, पैशांची काटकसर, आणि वर्षांबरोबर वयाने वाढणारी माणसं. जवळिकीचं समाधान इथे भाजी चिरता चिरता मिळतं.

इंग्लंडच्या अ‍ॅलिस ओसमनने २०१६मध्ये इंटरनेटवर सुरू केलेल्या ‘हार्टस्टॉपर’मध्ये निक आणि चार्ली ही शाळकरी जोडी पुष्कळ आधीच एकत्र येते. त्यानंतर चार्लीचा खाण्याचा विकार बळावतो आणि निकला वाटतं, आपल्या प्रेमाने तो बरा होईल. तसं होणार नाही, हे त्याला त्याची आई समजावते. चार्लीला उपचारच घ्यावे लागतात आणि निक त्याच्यासोबत राहतो.