हवेच्या हॉट टबचं पाणी का बिघडतं?

फुगवायच्या हॉट टबच्या खोक्यावर ‘दहा मिनिटांत तयार’ असं छापलेलं असतं. ते खोटं नाही. पंप लावला की टब खरंच दहा मिनिटांत फुगून उभा राहतो. पुढं पाणी भरायला तासभर, ते तापायला अख्खी रात्र आणि ते चांगलं ठेवायला रोज थोडा वेळ लागतो, हे मात्र खोक्यावर नसतं. बेळगावातल्या बंगल्याचं परडं असो की जांबोटी रस्त्यावरचं फार्महाउस, टब बसवणाऱ्याचं सगळं लक्ष हवेकडं आणि हीटरकडं असतं. बिघडतं ते पाणी. आणि त्याला बिघडवतात ते बुडबुडे, ज्यांच्या हौसेनं टब घेतलेला असतो.

आधी बाकीचं उरकून घेऊ. चौघांच्या टबात साधारण ८०० लिटर म्हणजे ८०० किलो पाणी. माणसं आणि टब धरून अकराशे किलोंच्या पुढं वजन जातं आणि ते सुमारे तीन चौरस मीटर जागेवर पडतं. म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोंहून जास्त. घराच्या वापरत्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपास चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून काढतात. ‘वर टाकी आहेच की’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण टाकी बहुधा कॉलम-बीमवर बसवलेली असते आणि टब स्लॅबच्या मधोमध येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून दिल्याशिवाय टब गच्चीवर नेऊ नये. खाली सपाट कोबा किंवा शहाबादी फरशी असावी, त्यावर फोमची चटई. बारीक खडा राहिला तरी ८०० किलोंखाली तो तळाला भोक पाडतो.

पहाटे टब मऊ लागला की लोक पंक्चर शोधायला लागतात. बहुतेक वेळा ते पंक्चर नसतं. टबच्या भिंतीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम ०.१ बार जास्त असतो. बंद हवा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली की तिचा एकूण दाब साडेआठ टक्के वाढतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण ती वाढही जवळपास ०.१ बारच येते. म्हणजे शिवणीवरचा जास्तीचा ताण दुपटीकडं जातो. पीव्हीसी ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण शिवण उसवायला तेवढा पुरतो. म्हणून थंडीच्या सकाळी टणक होईपर्यंत हवा भरू नये, आणि उन्हाळ्याच्या दुपारी थोडी सोडावी. खरंच गळती असेल तर साबणाच्या पाण्याचा फेस लावून जागा शोधायची आणि पीव्हीसीचाच तुकडा विनाइलच्या गोंदानं चिकटवायचा. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते टिकत नाही.

विजेचं गणित सरळ आहे. ८०० लिटर पाणी २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला पावणेसतरा युनिट लागतात. २ किलोवॉटचा हीटर हे काम कागदावर साडेआठ तासांत करतो. पण हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. खेडेगावात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तर २००० वॉटचा हीटर १२२५ वॉटच देतो आणि तेच काम पावणेचौदा तासांवर जातं. हीटर बिघडला म्हणून टब परत पाठवण्याआधी व्होल्टेज मोजून बघावं. टबाला स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. परदेशी टबांचा दोन जाड गोल पिनांचा प्लग आपल्या काही सॉकेटांत घट्ट बसतो, पण त्याचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असल्यानं ते जुळतच नाही. पाण्यात माणसं बसणार आहेत, तेव्हा अर्थिंग नसलेला टब चालू करायचाच नाही. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं.

आता पाण्याकडं येऊ. शाळेत शिकलेलं दुष्फेन पाणी आठवा. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. त्याचं सौम्य कार्बोनिक आम्ल होतं आणि ते खडकातलं कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात बाहेर काढतं. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या पट्ट्यात बोअरचं पाणी असंच जड असतं. खानापूरकडं मुसळधार पावसानं धुतलेल्या जांभ्यातलं पाणी त्यामानानं हलकं. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलच्या धरणांचं पाणी येतं, तेही बोअरपेक्षा सौम्य. अर्थात अंदाजावर जाऊ नये. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी), अल्कलिनिटी (आम्ल पचवणाऱ्या बायकार्बोनेटचं प्रमाण), क्लोरीन आणि दुष्फेनपणा दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, पाणी भरण्याआधी एक बुडवून बघावी.

जमिनीखालून आलेल्या पाण्यात हवेशी जुळेल त्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. टबचा हवा फुंकणारा ब्लोअर सुरू झाला की तळातल्या भोकांमधून हजारो बुडबुडे वर येतात. प्रत्येक बुडबुड्यातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य, म्हणून पाण्यातला वायू त्यात शिरतो आणि पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की उडून जातो. शिवाय पाणी ४० अंशांवर असतं आणि गरम पाण्यात वायू कमीच मुरतो. कार्बन डायऑक्साइड गेला की कार्बोनिक आम्ल कमी होतं, म्हणून पीएच वर चढतो. प्रकरण इथं थांबत नाही. पाण्यातले बायकार्बोनेट आयन हायड्रोजन आयनांना धरून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार करतात, तोही उडतो, पीएच आणखी चढतो. हे कुठवर चालतं? पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेशी समतोल साधेपर्यंत. अल्कलिनिटी १०० पीपीएम (लिटरमागं १०० मिलिग्रॅम) असेल तर हा समतोल पीएच साडेआठच्या आसपास येतो. ३०० पीपीएमच्या पाण्यात तो नऊकडं झुकतो.

याचा पहिला फटका क्लोरीनला बसतो. जंतू मारण्याचं काम मुख्यतः क्लोरीनचं पाण्यात होणारं हायपोक्लोरस आम्ल करतं, त्याचा आयन फारच दुबळा. पीएच ७.२ ला मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश आम्लाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला पाव आणि ८.५ ला जेमतेम दहावा भाग. पट्टी ३ पीपीएम दाखवत असते, पण कामाला असतो ०.३. सायन्युरिक आम्ल (काही क्लोरीन पावडरींतून पाण्यात उरणारा घटक) असलेल्या पाण्यात हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण बराचसा क्लोरीन त्यानं बांधून ठेवलेला असतो. तरी चढता पीएच क्लोरीनच्या विरोधात जातो, हे तिथंही खरं.

दुसरा फटका हीटरला. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, याचं मात्र उलटं. म्हणून ते सर्वांत गरम जागी, हीटरच्या नळीवर बसतं. जुन्या तांब्याच्या बंबाच्या आतल्या नळीवर जी पांढरी खपली धरते, तीच ही. खपलीतून उष्णता नीट जात नाही, आतली कॉइल जास्त तापते आणि शेवटी जळते.

यावर बहुतेक जण करतात तो उपाय नेमका उलटा असतो. ‘पीएच स्थिर राहावा म्हणून अल्कलिनिटी वाढवा’ असं वाचून टबात खाण्याचा सोडा टाकतात. पोहण्याच्या तलावात आम्लधर्मी क्लोरीन गोळ्या वापरतात, तिथं हा सल्ला योग्य आहे. ब्लोअरच्या टबात सोडा टाकणं म्हणजे उडून जायला आणखी कार्बन डायऑक्साइड पुरवणं. इथं अल्कलिनिटी ५० ते ६० पीपीएमवर ठेवली तर पीएच कितीतरी सावकाश चढतो. त्याहून खाली मात्र नको, नाहीतर पीएच एकदम कोसळतो.

ती खाली कशी आणायची? सर्वांत सोपं म्हणजे पाणी मिसळणं. ३०० पीपीएमचं बोअरचं पाणी २०० लिटर आणि पत्र्यावरून गाळून साठवलेलं पावसाचं पाणी ६०० लिटर घेतलं की अल्कलिनिटी ८० च्या आसपास येते. पावसाचं पाणी नसेल किंवा उरलेली अल्कलिनिटी उतरवायची असेल तर सोडियम बायसल्फेट घ्यावं, दुकानात त्याला ड्राय ॲसिड म्हणतात. ८०० लिटरमध्ये १०० ग्रॅम टाकल्यास अल्कलिनिटी साधारण ५० पीपीएमनं उतरते. पण एका दमात टाकायचं नाही. ३०० पीपीएमच्या पाण्यात ८० ग्रॅम बादलीत विरघळवून ओतलं की पीएच सातवर येतो. मग झाकण काढून अर्धा तास ब्लोअर चालवायचा. आम्लानं बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड केला, बुडबुड्यांनी तो बाहेर टाकला. पीएच परत वर येतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. असं पुन्हा पुन्हा करायचं आणि अल्कलिनिटी १०० च्या जवळ आली की मात्रा ३० ग्रॅमवर आणायची, नाहीतर पीएच साडेसहाच्याही खाली जातो. जो बुडबुडा पाणी बिघडवतो त्यालाच असं कामाला लावता येतं. हा भाग किचकट वाटला तर दोनदा वाचा, टबची निम्मी देखभाल यातच आहे.

बोअरच्या पाइपला चुंबक बांधून पाणी ‘हलकं’ करून देणारे आपल्याकडं गावोगाव फिरतात. चुंबकाच्या आधीच्या पाण्यात एक पट्टी बुडवा, नंतरच्या पाण्यात दुसरी. कॅल्शियम तेवढंच निघेल. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतीलच असं नाही. आणि टबात घाम गाळून शरीरातली ‘विषं’ बाहेर पडतात म्हणतात, तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं टबाशिवायही करतात.

क्लोरीनसाठी सोडियम डायक्लोरची पावडर सोयीची. सपाट एक चहाचा चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, तेवढ्यानं ८०० लिटरला सुमारे ३ पीपीएम क्लोरीन मिळतो. मगभर पाण्यात विरघळवून ओतायची, पंप चालू आणि झाकण वीस मिनिटं उघडं. चौघं पंधरा-वीस मिनिटं बसून उठले तर दोन-तीन चमचेही लागतात. पाण्याला उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त झाला’ म्हणून लोक बंद करतात. तो वास घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जुळून झालेल्या क्लोरामिनांचा असतो, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडलेला असतो. डायक्लोरच्या दर १० पीपीएम क्लोरीनमागं ९ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उरतं आणि ते उडत नाही. पंधरा-अठरा चमचे झाले की ते पन्नासकडं पोचतं. मग पाणी बदला, किंवा त्याच्या आधीच ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटवर या. त्याचे ५० मिली एका चमच्याचं काम करतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नको, त्यात चुना असतो. डायक्लोर आणि टीसीएल एका भांड्यात तर कधीच नाही, आग लागते. संडासाचं ॲसिड क्लोरीनजवळ नेलं की विषारी वायू सुटतो.

एवढं सगळं कशासाठी? १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता दाखवायला ठेवलेला हॉट टब चालू होता. त्यात कुणी उतरलंही नव्हतं. बुडबुड्यांच्या तुषारातून लिजिओनेला जिवाणू पसरले, तीनशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि किमान ३२ दगावली. हा जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमानं वाढतो आणि तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जातो. म्हणून क्लोरीन शून्यावर गेलेला टब ‘नुसता चालू करून बघणं’सुद्धा धोक्याचं.

झाकणाबद्दल एकच हिशोब. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ८०० लिटर पाणी सुमारे ०.७ अंशानं थंड होतं. डिसेंबरच्या रात्री उघडा टब भराभर निवतो, त्याचं हे कारण. फिल्टर दर तीन-चार दिवसांनी नळाखाली घड्या उलगडून धुवावा. अंगाला खोबरेल किंवा उटणं लावून टबात उतरू नये. तेल फिल्टरच्या कागदात अडकतं, प्रवाह मंदावतो आणि सुरक्षा यंत्रणा हीटर बंद करते. साबण राहिलेल्या कपड्यांमुळं फेस येतो. पाणी ४० अंशांच्या पुढं नको, बसणं पंधरा-वीस मिनिटं. गरोदर बायका आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नये.

पाणी काढायच्या आधी झाकण उघडं टाकून दोन दिवस थांबावं. पट्टीवर क्लोरीन शून्य आला की अंगण, गाडी किंवा गोठा धुवायला ते चालतं. बायसल्फेट किंवा सोडा बराच पडला असेल तर कुंड्यांना घालू नये. टब रिकामा असतानाच हीटरच्या भागात लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर ठेवावं, खपली सुटते, मग भरपूर धुवावं. पावसाळ्याआधी टब पुसून, वाळवून, घडी घालून उंच माळ्यावर ठेवा. जमिनीवर ठेवलेला मऊ पीव्हीसी उंदीर कुरतडतात, आणि घडीवर पडलेली भोकं ठिगळ लावायला सर्वांत अवघड असतात.