स्वतंत्र गॅरेज : बांधकामखर्चाचा अंदाज

घराच्या आवारात, पण घराच्या भिंतीला न टेकता, स्वतःचा पाया, भिंती आणि छप्पर घेऊन उभे असलेले मोटार ठेवण्याचे बांधकाम म्हणजे स्वतंत्र गॅरेज. ते बांधण्यापूर्वी लागणारा माल, मजुरी, परवानगी आणि आनुषंगिक कामे यांचे मोल कसे मांडावे, याचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे मुख्यतः बडोदे शहरातील आहेत. तेथे मोकळे आवार असलेले बंगले आणि टेनामेंट (स्वतंत्र बैठी घरे) अजूनही आढळतात, आणि तेथील काळी जमीन व विश्वामित्री नदीचे पूर यांमुळे एवढ्याशा इमारतीच्या अंदाजपत्रकातही स्थापत्याचे बहुतेक कठीण प्रश्न उभे राहतात. बाजारभाव येथे दिलेले नाहीत. ते काही महिन्यांत शिळे होतात, मोजमापाची रीत आणि मालाची प्रमाणे मात्र टिकतात.

मोटारीसाठी घरापासून वेगळी इमारत बांधण्याच्या प्रथेची संगती दोन प्रकारे लावता येते. एका मताप्रमाणे ती संस्थानी तबेला आणि बग्गीखाना यांचा वारसा आहे : भारतात मोटार १८९० च्या दशकाच्या अखेरीस आली असे सामान्यतः मानले जाते, संस्थानिक तिच्या आरंभीच्या ग्राहकांत होते, आणि घोडागाडीची रिकामी झालेली जागा मोटारीला मिळाली. दुसऱ्या मताप्रमाणे छावणीतील बंगल्यामागे नोकरांच्या खोल्या, कोठार आणि स्वयंपाकघर यांची जी अलग रांग असे, तिच्यातच गॅरेजची भर पडली. पेट्रोलच्या आगीची धास्ती हे कारण दोन्ही मतांना पोषक आहे. राजवाड्यापुरते पहिले मत खरे असावे. मध्यमवर्गीय बंगल्याच्या बाबतीत दुसरे अधिक पटते, कारण अशा बहुतेक घरमालकांच्या दारी घोडागाडी कधीच नव्हती. रावपुरा, वाडी आणि दांडिया बाजार येथील दाटीच्या मराठी वस्तीत हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. तो अलकापुरीसारख्या बंगल्यांच्या वस्तीत आणि नंतर मांजलपूर, गोत्री, वासणा येथील सोसायट्यांत आला.

अंदाजाच्या पद्धती : जोत्याच्या क्षेत्रफळाला प्रचलित दराने गुणणे, इमारतीच्या घनफळाला दराने गुणणे आणि प्रत्येक कामाचे परिमाण काढून तपशीलवार अंदाजपत्रक करणे, अशा तीन पद्धती रूढ आहेत. पहिली सर्वांत लोकप्रिय आहे आणि गॅरेजसाठी सर्वांत कमी भरवशाची आहे. घराचा जो चौरस फुटाचा दर कंत्राटदाराच्या तोंडी असतो, त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, नळकाम, फरशी आणि अंतर्गत दरवाजे मिसळलेले असतात; गॅरेजमध्ये यांतील जवळजवळ काहीच नसते. त्यामुळे गॅरेज घराच्या दरापेक्षा बरेच स्वस्त पडेल असे वाटते. परंतु इमारत जितकी लहान, तितका तिच्या क्षेत्रफळाच्या मानाने भिंतीचा परीघ मोठा असतो. ९ × १२ मीटर घराचा बाह्य परीघ ४२ मीटर, म्हणजे जोत्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ०.३९ मीटर येतो. आत ३ × ६ मीटर जागा देणाऱ्या गॅरेजला हाच आकडा सुमारे ०.८९ मीटर, म्हणजे दुपटीहून अधिक येतो. घराला आतल्या भिंतीही असतात हे खरे. तरीही पाया, जोते आणि बाह्य भिंत यांचा भार गॅरेजच्या प्रत्येक चौरस फुटावर घरापेक्षा जास्त पडतो, आणि हीच कामे जमिनीच्या प्रकारानुसार सर्वाधिक बदलतात. म्हणून घराचा दर गॅरेजला कोणत्याही ठराविक टक्केवारीने कमी करून लावणे योग्य नाही; परिमाणे काढलीच पाहिजेत.

क्षेत्रफळ कोणते धरायचे हाही वादाचा विषय होतो. जोत्याचे क्षेत्रफळ (भिंतींसह) आणि चटई क्षेत्र (भिंती वगळून आतले) मोजण्याची रीत भारतीय मानक ३८६१ मध्ये सांगितली आहे. वरील गॅरेजच्या भिंती २३० मिलीमीटर, म्हणजे नऊ इंची धरल्यास बाहेरील माप ३.४६ × ६.४६ मीटर आणि जोत्याचे क्षेत्रफळ २२.३५ चौरस मीटर (सुमारे २४० चौरस फूट) होते, तर चटई क्षेत्र १८ चौरस मीटर (सुमारे १९४ चौरस फूट) राहते. जवळजवळ पाचवा हिस्सा भिंतींखाली जातो. मजुरीचा ठेका बहुधा स्लॅबच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि त्यात छज्जा पूर्ण धरायचा की निम्मा, यावर काम संपल्यावर कुरबूर होते. शटरवर ०.६ मीटरचा छज्जा पूर्ण रुंदीने काढला, तर तो एकटाच स्लॅबच्या सुमारे ९ टक्के भरतो. तेव्हा ही गोष्ट ठेक्याच्या कागदावर आधीच लिहून घ्यावी.

परिमाणांचे उदाहरण : भिंतींची मध्यरेषा (जाडीच्या मधोमध मोजलेली एकूण लांबी) १८.९२ मीटर आणि उंची २.७५ मीटर धरली, आणि २.५ × २.४ मीटरचे शटर, एक बाजूचा दरवाजा व एक खिडकी यांचे मिळून सुमारे ९.१ चौरस मीटर वजा केले, तर वीटकाम ९.९ घनमीटरच्या आसपास येते. सांध्यांसह ९ × ४.५ × ३ इंच धरलेल्या विटा एका घनमीटरला सुमारे ५०० लागतात. ५ टक्के तूट धरून ५,२०० विटांची मागणी नोंदवावी. लिंटल (दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि भिंतीतील काँक्रीटच्या पट्ट्यांची वजावट यात केलेली नाही, त्यामुळे आकडा किंचित सैल आहे. १२५ मिलीमीटर जाडीच्या स्लॅबला २.८ घनमीटर काँक्रीट लागते. १ : १.५ : ३ (सिमेंट : रेती : खडी) या मिश्रणासाठी पाणी घालण्यापूर्वीच्या मालाचे सुके घनफळ १.५४ पट धरल्यास त्यात ५० किलोच्या सुमारे २२ गोण्या सिमेंट, ४१ घनफूट रेती आणि ८३ घनफूट खडी बसते. लोखंड काँक्रीटच्या घनफळाच्या १ टक्का धरले तर ते सुमारे २२० किलो होते. हा ठोकताळा आहे, प्रत्यक्ष सळ्यांची यादी झाली की व्यासाच्या मिलीमीटरमधील वर्गाला १६२ ने भागून दर मीटरचे किलोग्रॅममधील वजन काढावे आणि तेच ग्राह्य धरावे. रेती, खडी आणि मुरूम ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी (२.८३ घनमीटर) मोजले जातात. बडोद्यात रेती मुख्यतः ओरसंग नदीची आणि कपची (खडी) सेवालियाच्या बाजूची येते. भावात वाहतूक धरली आहे की नाही हे विचारणे आवश्यक असते, आणि पावसाळ्यात नदीतील उपसा थांबत असल्याने रेतीचा भाव त्या काळात वेगळा असतो.

जमीन आणि पाया : अंदाजपत्रकातील सर्वांत अनिश्चित रक्कम पायाची असते. बडोदे परिसरात गाळाच्या थरांबरोबर काळी, फुगणारी माती पुष्कळ ठिकाणी आढळते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. या मातीवर अवजड इमारतीपेक्षा हलकी इमारत सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. मातीचा वर ढकलणारा दाब इमारतीच्या वजनाने काही अंशी तोलला जातो. दुमजली घराच्या भिंतीखाली जो दाब दबून राहतो, तोच एकमजली गॅरेजचे जोते उचलून भिंतींना तिरक्या भेगा पाडू शकतो. घर वर्षानुवर्षे भेगेविना उभे आहे, म्हणून शेजारच्या गॅरेजला उथळ पाया पुरेल, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. गॅरेज स्वतंत्र असल्याचा एक फायदा येथे दिसतो : दोन्ही इमारती वेगवेगळ्या हलल्या तरी त्यांच्यातील सांधा फाटण्याचा प्रश्न येत नाही.

उपायांबाबत तज्ज्ञांचा कल दोन दिशांना आहे. एक, काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या चिकट मातीचा किंवा मुरुमाचा कुटलेला थर देणे. न फुगणाऱ्या मातीच्या थराचा अभ्यास मुंबईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांनी केला. दुसरा, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले खांब (अंडर-रीम्ड पाइल) घालणे. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान ३.५ मीटर ठेवावी असा संकेत आहे, कारण त्याखाली ऋतुमानाने ओलावा फारसा बदलत नाही. पहिल्या उपायाचा खर्च खोदकाम आणि भरावात जातो : ०.९ मीटर रुंद व १.२ मीटर खोल चराचे खोदकाम या गॅरेजला २० घनमीटर, म्हणजे सुमारे ७ ब्रास होते, आणि माती बदलायची तर दोन्ही परिमाणे वाढतात. दुसऱ्यात २५० मिलीमीटर व्यासाचे सुमारे दहा खांब पुरतात आणि त्यांचे काँक्रीट स्लॅबपेक्षाही कमी भरते; पैसा छिद्रे पाडणाऱ्या पथकात, सळ्यांत आणि खांबांवरील तुळईत जातो. काळ्या मातीचा थर मीटरभराचा असल्यास पहिला आणि तो खोल असल्यास दुसरा उपाय किफायतशीर ठरतो, असे म्हणता येईल. निर्णय मातीच्या मुक्त फुगवट्याच्या चाचणीवर (भारतीय मानक २७२०, भाग ४०) सोपवणे श्रेयस्कर. चाचणीचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि ते वाचवण्याचा मोह गॅरेजच्याच बाबतीत सर्वाधिक होतो.

भूकंपाच्या दृष्टीने भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत बडोदे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. वरील गॅरेजच्या पुढल्या भिंतीत २.५ मीटरचे शटर बसवले, तर दोन्ही कडांना जेमतेम ०.४८ मीटरचे वीटकाम उरते. ते आडव्या धक्क्याला अपुरे असल्याने शटरच्या दोन्ही बाजूंना आरसीसी खांब आणि जोते व लिंटल या पातळ्यांवर सळ्यांचे पट्टे धरावेत. १५० मिलीमीटरचे दोन पट्टे मिळून काँक्रीट १.३ घनमीटर होते.

जोत्याची उंची : सर्वसाधारणपणे गॅरेजचे जोते आवारापेक्षा १५० मिलीमीटर उंच पुरते. बडोद्यात हा नियम अपुरा पडतो. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या बरीच वर गेल्याने अनेक वसाहतींतील मोटारी पाण्याखाली गेल्या. जोते ०.३ मीटरने वाढवले तर आतला भराव ५.४ घनमीटर, म्हणजे सुमारे १.९ ब्रास वाढतो. कुटाईसाठी सैल माल त्याहून चतुर्थांशाने अधिक मागवावा लागतो. शिवाय १ : ८ उताराचा रॅम्प २.४ मीटरने लांबतो. लहान आवारात ही लांबीच मिळत नाही, आणि तेथे खर्चाचा हिशेब करण्यापूर्वी जागेचा हिशेब करावा लागतो. २०२४ चे पाणी ज्या आवारात भिंतीवर खुणा ठेवून गेले आहे, तेथे त्या खुणेवरून उंची ठरवावी.

छप्पर आणि शटर : स्लॅबऐवजी लोखंडी चौकटीवर रंगीत पन्हळी पत्रा घातल्यास सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा) आणि पाणी मारण्याचे दिवस वाचतात. तथापि पत्र्याखाली उन्हाळ्यात उष्णता फार होते, आणि वादळात वर ओढणाऱ्या वाऱ्यासाठी चौकट भिंतीत पक्की अडकवावी लागते. शटरची किंमत सांगताना व्यापारी गुंडाळीसाठी उंचीत सुमारे एक फूट मिळवून मोजतात.

आनुषंगिक खर्च : स्वतंत्र गॅरेजचा खर्च त्याच्या भिंतींत संपत नाही. फाटकापासून गॅरेजपर्यंत १२ मीटर लांब व २.५ मीटर रुंद वाट पार्किंग टाइल्सनी बांधली, तर तिचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर, म्हणजे गॅरेजच्या जोत्यापेक्षा अधिक होते. तिच्याखालचा मुरूम आणि कडेचे दगड वेगळे. घरापासून जमिनीखालून नेलेली वीजवाहिनी हीही अलग बाब आहे. विजेवरील मोटारीच्या सुमारे ७ किलोवॉटच्या चार्जरला स्वतंत्र जाड तार आणि अर्थिंग लागते. मंजूर भार अपुरा असल्यास मध्य गुजरात वीज कंपनीकडे वाढ मागावी लागते.

परवानगीसाठी गुजरातची २०१७ ची सर्वसाधारण विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. गॅरेज मार्जिनमध्ये (हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत) येते काय आणि त्याचे क्षेत्रफळ बांधलेल्या क्षेत्रात मोजले जाते काय, हे नकाशा काढण्यापूर्वी महानगरपालिकेकडून स्पष्ट करून घ्यावे. २०२२ च्या कायद्याखालील इम्पॅक्ट फी (बांधकाम नियमित करून घेण्याचे शुल्क) त्यापूर्वी झालेल्या अनधिकृत बांधकामांसाठी होती. नव्या गॅरेजच्या अंदाजपत्रकात तिची तरतूद धरणे गैर आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार, स्वतःच्या राहत्या घरासाठी केलेले एकूण १० लाख रुपयांपर्यंतचे काम १ टक्का कामगार-कल्याण उपकरातून सुटत असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली.

मालाच्या भावात वस्तू व सेवा कर मिळवलेला आहे की नाही हे तपासावे. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला असल्याने त्याआधीची दरपत्रके तशीच वापरता येत नाहीत. मालासकट ठेक्यात कंत्राटदाराचा नफा व वरखर्च १० ते १५ टक्के आणि आकस्मिक खर्च ३ ते ५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. काळ्या जमिनीत, चाचणी झालेली नसताना, आकस्मिक खर्चाची ही मर्यादा केवळ जोत्यावरील कामांपुरती मानावी आणि पायासाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी.