क्षांतिकथा (खान्देश)

क्षांतिकथा : राग गिळायला आणि हातातले सोडायला शिकवणाऱ्या बौद्ध गोष्टी. पाली परंपरेतील दहा पारमितांपैकी (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांपैकी) नेक्खम्म (त्याग), खन्ति (क्षांती, म्हणजे सहनशीलता) आणि उपेक्खा (समभाव) या तिन्हींभोवती त्या फिरतात. ५४७ पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, अशा कथा पुष्कळ आहेत, बाकीच्या सुत्तांत (बुद्धाच्या प्रवचनांत) विखुरलेल्या.

खान्देशी माणसाला त्या दोन जागी भेटतात. पहिली अजिंठा. लेणी जिल्ह्याच्या हिशेबाने मराठवाड्यात मोडतात. पण रेल्वेने येणारा जळगावला उतरून फर्दापूर फाटा गाठतो, आणि लेण्यांपुढची वाघूर खाली खान्देशात येऊन तापीला मिळते.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात क्षांतिवादी जातक (क्र. ३१३) आहे. काशीचा राजा कलाबू उद्यानात झोपला असता त्याच्या स्त्रिया तपस्व्याचे प्रवचन ऐकायला जाऊन बसतात. जागा झालेला राजा विचारतो, ‘काय शिकवतोस?’ उत्तर येते, ‘क्षांती.’ मग ती तपासायला तो एकेक अवयव तोडत जातो, आणि तपस्वी मात्र त्याला दीर्घायुष्य चिंतितो. चित्रकाराने घेतला तो क्षण निराळा : तलवार उपसलेला राजा आणि त्याच्या पायाशी पडून गयावया करणारी स्त्री. ग्रंथाचे लक्ष तपस्व्याच्या शांतीवर, भिंतीचे त्या स्त्रीच्या वाकलेल्या पाठीवर.

पहिल्या लेण्यातील महाजनक जातकात (क्र. ५३९) त्यागाचे कारण आंब्याचे झाड. राजाने एक फळ खाल्ले, मागून आलेल्यांनी झाड ओरबाडून टाकले. शेजारचे वांझ झाड हिरवेगार उभे. राजा राज्य सोडून निघतो. राणी सीवली पाठ सोडत नाही. वाटेत एक मुलगी भेटते. तिच्या एका हातात एक कांकण, दुसऱ्यात दोन. दोनांचा आवाज होतो, एकटे मुके राहते. दाखला चोख आहे, पण राणीला तो बोचलाच असणार. सोळाव्या लेण्यातील नंदकथेतही तसेच : बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्खू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक दारात उभा, आणि त्याची बायको सुंदरी कोसळते आहे. अजिंठ्याचे चित्रकार सोडणाऱ्याइतकेच मागे राहिलेल्यांकडे बघतात.

दुसरी जागा विहार. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर दीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या वर्षावासात तिथे संध्याकाळी बाबासाहेबांच्या १९५७ साली निघालेल्या धम्मग्रंथाचे वाचन चालते. प्रवचनात हमखास रंगावी अशी गोष्ट अक्कोसक भारद्वाजाची. तो बुद्धाला शिव्यांची लाखोली वाहतो. बुद्ध विचारतात, पाहुण्यांपुढे ताट ठेवले आणि ते जेवलेच नाहीत, तर अन्न कोणाचे? ‘माझेच,’ तो म्हणतो. मग शिव्याही तुझ्याच. वरण-बट्टीचा आग्रह करकरून पाहुण्याला उठू न देणाऱ्या मुलखात या दाखल्याला वेगळी टीप लागत नाही. मूल गमावलेल्या किसा गोतमीची, मृत्यू न झालेल्या घरातून मोहरी मागण्याची कथाही सर्वपरिचित.

बाईला उचलून नदीपार नेणाऱ्या भिक्खूची गोष्ट मात्र बुद्धाच्या नावावर उगाच खपते. ती जपानी झेन परंपरेतली. पाली ग्रंथांत ती नाही.