पहिल्या फेरीच्या पलीकडे

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मुलींच्या संघाचे वर्ष बहुतेकदा एकाच सामन्याचे असते. बाद पद्धतीची स्पर्धा, हरलात की किट धुऊन कपाटात. त्यामुळे वर्षानुवर्षे पहिल्याच फेरीत बाहेर पडणारा नाशिकमधला एखादा संघ एका हंगामात लागोपाठ सामने जिंकू लागला की लोक नव्या प्रशिक्षकाचे नाव घेतात, नाहीतर नशिबाने सोपे प्रतिस्पर्धी मिळाले म्हणतात. मला मात्र त्याचे मूळ बरेच मागे दिसते.

नाशिकची बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आधी नाशिक विभागाची स्पर्धा, मग निवडलेल्या मुली आंतरविभागीय स्पर्धेत पुणे, अहिल्यानगरसमोर, आणि तिथून विद्यापीठाचा संघ. पुण्याकडे क्लब आणि लीग. आपल्याकडे काय होते? पळणाऱ्या मुली होत्या. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या परंपरेचा हा जिल्हा. जिमखान्याचे सर स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी धावपटू, खो-खो आणि कबड्डीच्या मुली गोळा करत, हँडबॉलची मुलगी गोलमध्ये उभी करत. खो-खोची मुलगी बचावात फार चांगली, चटकन वळते. दमाला तर कोणीच कमी नव्हते. पण चेंडू पायाशी आला की पहिल्या स्पर्शातच दोन मीटर पुढे जाई, आणि ऑफसाइडची रेषा, म्हणजे बचावफळीची एकसारखी ओळ, कोणी सांभाळायची हे सामना सुरू झाल्यावर ठरे. दोन आठवड्यांत हे शिकवता येत नाही. यात त्या मुलींचा काहीही दोष नव्हता.

देशातली गोष्टही अशीच तुटक आहे. महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना 1975 मध्ये उभी राहिली. 1980 मध्ये कोळिकोडला आणि 1983 मध्ये बँकॉकला भारतीय महिला आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. आशियात दोनदा उपविजेता ठरलेल्या देशाला महिलांची राष्ट्रीय लीग सुरू करायला 2016-17 उजाडले. मधल्या काळातल्या कितीतरी मुलींना आपल्या आधी कोणी खेळले आहे, हेसुद्धा कळले नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

फरक पडला तो शाळांमध्ये. मुलांचा 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता, त्याआधी 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळला गेला. 'मिशन वन मिलियन' हे त्याचे नाव. शाळांना चेंडू मिळाले. एका दिवसाने खेळाडू घडत नाहीत, पण चेंडू शाळेत राहिला. तेव्हा पाचवी-सहावीत असलेल्या मुली आता पदवीच्या वर्गात पोचल्या आहेत. मधे कोरोनात मैदाने बंद पडली. जानेवारी-फेब्रुवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, पण खेळाडूंना लागण झाल्याने यजमान भारतालाच माघार घ्यावी लागली. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून भारताने पात्रता फेरीतून पुढच्या आशियाई चषकात जागा मिळवली, तेव्हा ती निराशा थोडी धुऊन निघाली.

आणखी एक कारण आहे, सहसा लक्षात न येणारे. अकरावी-बारावीच्या मुली विद्यापीठाच्या स्पर्धेत चालत नाहीत, त्या शालेय गटात खेळतात. एकाच आवारात असूनही दोन संघ वेगळे सराव करतात. जिथे सरांनी दोन्ही संघांना एकत्र मैदानावर आणले, तिथे एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, येणारी मुलगी दोन वर्षे त्याच बचावफळीत उभी राहिलेली असते. कोण पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार, हे ओरडून सांगावे लागत नाही.

आणि हा सराव सकाळी सहालाच ठेवावा लागतो, कारण संध्याकाळी ठेवला तर एसटी चुकते. पण दिंडोरी-पेठ तालुक्यांकडच्या मुली वसतिगृहात असतील तरच सहाला पोचतात.