गोगँची ताहितीची चित्रे आणि मेणाच्या लायनिंगचा वाद : पार्श्वभूमी

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ १ एप्रिल १८९१ रोजी मार्सेयहून निघाला आणि ९ जूनला ताहितीत, पापीतेच्या बंदरात उतरला. मधली १८९३ ते १८९५ ही दोन वर्षे फ्रान्समध्ये गेली, ती सोडली तर १९०३ साली मार्केसास बेटांवर मरेपर्यंत तो पॅसिफिकमध्येच होता. तो तिकडे का गेला हे सांगायची गरज नाही. तिथल्या अल्पवयीन मुलींशी त्याने ठेवलेल्या संबंधांवर अलीकडे बरेच लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले जायलाच हवे होते. हे टिपण मात्र चित्रांच्या कापडाचे, लेपाचे आणि नंतर झालेल्या दुरुस्त्यांचे आहे, कारण भिंतीवर आज जे काळपट, तकतकीत ताहिती दिसते त्यातला बराच भाग गोगँने रंगवलेला नाही.

सुरुवात बेटावर झाली नाही. १८८८ च्या शरदात फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने वीस मीटर जाडेभरडे तागाचे कापड विकत घेतले होते. (त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालात पिकत असे.) ताहितीत पैसा आणि कॅनव्हास दोन्ही तुटपुंजे, त्यामुळे तरट हाताशी आले. सगळीच चित्रे तरटावर नाहीत. पॅरिसहून माल आला की तो चांगला कॅनव्हासही वापरी. पण १८९७-९८ चे, सध्या बॉस्टनमध्ये असलेले १३९ बाय ३७५ सेंटिमीटरचे सर्वांत मोठे चित्र गाठीगाठींच्या खरबरीत तरटावरच आहे. ते फार ओबडधोबड दिसते, हे त्याने स्वतःच मित्राला पत्रातून कळवले होते.

अशा कापडाला बाजारी तेलकट प्रायमिंग (रंगाखालचा थर) न देता तो पुष्कळदा खडू आणि सरसाचा शोषक लेप देई. या लेपाची सर्वसाधारण कृती अशी: एक भाग सरस दहा-बारा भाग पाण्यात रात्रभर फुगवायचा, उकळू न देता गरम करून विरघळवायचा, त्याचा एक थर कापडावर देऊन वाळू द्यायचा. मग त्याच सरसात जवळपास तेवढ्याच मापाची खडूची भुकटी मिसळून पातळ थर द्यायचे. सरस जास्त झाला तर लेप ताठर होऊन तडकतो, कमी पडला तर बोटाला पांढरी पूड लागते. नीट जमला तर तो रंगातले तेल पिऊन टाकतो आणि रंग निस्तेज नव्हे, पण चकाकीविना, भित्तिचित्रासारखा कोरडा बसतो. गोगँला हेच हवे होते. वॉर्निशची चकाकी त्याला नको होती.

चित्रे चौकटीवरून काढून, गुंडाळी करून फ्रान्सला परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर किंवा टपालाने जात. प्रवासाला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागत. गुंडाळीत लेपाला आडव्या चिरा पडतात, आणि दमट हवेत सरस फुगतो-आकसतो तसा रंग कडेने उचलला जातो. पॅरिसमध्ये मित्र ती पुन्हा ताणून बसवी. तागाचा स्वभावही वाईट: त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातही असणारा आणि काळाने तपकिरी पडणारा घटक, दहा टक्क्यांहून जास्त असते, त्यामुळे काही दशकांत तो तपकिरी होतो आणि बोटाने दाबला तरी तुटावा इतका ठिसूळ बनतो. विसाव्या शतकात ही चित्रे संग्रहालयांत पोचली तेव्हा काहीतरी करणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे.

जे केले त्यावरच वाद आहे. हॉलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झालेल्या मेणाच्या लायनिंगच्या पद्धतीत मधमाशीचे मेण आणि राळ वितळवून चित्राच्या पाठीला भरत, मागे नवे कापड लावत आणि गरम इस्त्रीने दाबून मेण रंगापर्यंत पोचवत. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणजे इस्त्री त्याहून थोडी गरम लागे. घट्ट तेलरंगाच्या जुन्या डच चित्रांना हे बऱ्यापैकी मानवले. शोषक लेपाला ते मानवणे शक्यच नव्हते. खडूचा लेप पांढरा दिसतो तो कणांमधल्या हवेमुळे: हवेचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती वळतो याचे माप) १, खडूचा साधारण १.५ ते १.६५. हवेच्या जागी १.४५ च्या आसपासचे मेण शिरले की प्रकाश परत फेकणारा फरक जवळजवळ संपतो. वडापावचा कागद तेलाने पारदर्शक होतो, तेच इथे घडते. पांढरा लेप मागच्या तपकिरी तरटाचा रंग दाखवू लागतो. आकाश, वाळू, पांढरी वस्त्रे, सगळेच एक-दोन छटा खाली उतरते. शिवाय इस्त्रीने विणीचे उंचवटे दबतात. वर वॉर्निश चढवले की कोरडेपणाही जातो.

हे अज्ञानाने झाले असे म्हणणे सोपे आहे, पण पटत नाही. रंग गडद होतो हे काम करणाऱ्याला पहिल्या तासात दिसते. चकाकणारे, गडद चित्र ग्राहकाला आणि भेट देणाऱ्याला ‘जुने, मौल्यवान’ वाटे, म्हणून ते चालवून घेतले गेले असे दिसते. विरुद्ध बाजूचा मुद्दाही खरा आहे: मेणामुळे सुटणारा रंग जागीच राहिला आणि दमट हवेचा परिणाम कमी झाला. गोगँलाही इस्त्रीचे वावडे नव्हते. एका चित्रकार मित्राला त्यानेच सल्ला दिला होता की चित्रावर खळीने वर्तमानपत्र चिकटवावे, वाळल्यावर खूप गरम इस्त्री दाबावी आणि मग कागद भिजवून काढावा, म्हणजे पृष्ठभाग छान सपाट होतो. मात्र त्या कृतीत रंगात काही भरले जात नव्हते.

१९७४ साली लंडनमधल्या ग्रिनिचला झालेल्या, चित्रे दुरुस्त करणाऱ्यांच्या परिषदेत सरसकट लायनिंग थांबवण्याची हाक दिली गेली, आणि मेणाची पद्धत हळूहळू मागे पडली. आता फाटलेले कापड सुट्या धाग्यांनी जोडतात, फक्त कडांना पट्ट्या लावतात, किंवा ६५ अंशांच्या आसपास चिकटणारा, आत न मुरणारा कृत्रिम गोंद वापरतात. आधीच मेण भरलेल्या चित्रांबाबत पर्याय थोडेच आहेत. मागचे कापड सोलता येते, पण लेपात मुरलेले मेण पूर्ण निघत नाही. पिवळे पडलेले वॉर्निश काढायला गेले तर कित्येक द्रावक मेणही मऊ करतात आणि त्याबरोबर पातळ रंगही हलतो, म्हणून कापसाचा बोळा नखाएवढ्या जागेवर आधी तपासून मगच पुढे सरकतात.