नदीचं जाळं आणि कालव्याचं जाळं: नकाशावर सारखी, वाहण्यात उलटी

नीरा खोऱ्याचा नकाशा नुसत्या निळ्या रेघांनी काढला, तर नदी कुठली आणि कालवा कुठला हे चटकन ओळखता येत नाही. जालसिद्धांतात, म्हणजे बिंदू-रेषांच्या जाळ्यांच्या गणितात (ग्राफ थिअरी), दोन्हींना 'वृक्ष'च म्हणतात: बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि वेढा, म्हणजे फिरून त्याच बिंदूला आणणारी वाट, कुठेही नाही. नीरा नरसिंगपूरला नीरा भीमेला मिळते त्या बिंदूशी तीन रेषा जुळतात. नीरेच्या उजव्या कालव्यातून वितरिका, म्हणजे छोटा उपकालवा, फुटते, तिथेही तीनच.

रेषांवर बाण काढले की चित्र पालटतं. संगमावर दोन बाण आत येतात, एक बाहेर जातो. फाट्यावर एक आत, दोन बाहेर. संगमावर कुणाला काही ठरवावं लागत नाही, पाणी उतारानं येतं. फाट्याला मात्र दार असतं, आणि कुणाची पाळी कधी हे माणसं ठरवतात.

म्हणूनच नदीची काळजी खालच्या टोकाला करायची. उजनी धरण भीमेवर, वीर धरण नीरेवर, आणि दोन्हींचं पाणी नरसिंगपूरला एक होऊन पंढरपूरकडे जातं. चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी किती चढेल, हे एकट्या उजनीच्या विसर्गावरून सांगता येत नाही. दोन्ही लोंढे संगमावर एकाच वेळी पोचतात का, हे बघावं लागतं. उलट, वरचा एखादा ओढा आटला तर पंढरपूरला पत्ताही लागत नाही.

कालव्याचं दुखणं वर सुरू होतं आणि भोगतो तो टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. नीरा उजवा कालवा वीरपासून फलटण, माळशिरस करत सांगोल्याकडे जातो. वरच्या अंगाला फुटला, तर खालचं सगळं कोरडं. गळतीही साठत जाते. मुख्य कालवा, शाखा, वितरिका, शेतचारी अशा चार टप्प्यांत दर वेळी १० टक्के पाणी मुरलं असं धरलं, तर १०० पैकी जेमतेम ६६ शेतात पोचतं. आधी टेलला, मग हेडला (सुरुवातीच्या टोकाला) पाणी द्या, ही मागणी मला या हिशेबामुळेच रास्त वाटते.

नद्यांना क्रम देण्याची रीत रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडली आणि पुढे आर्थर स्ट्रॅलर यांनी ती सुधारली. उगमाचे ओढे पहिल्या क्रमाचे. असे दोन मिळाले की दुसरा क्रम. कालव्याला ही रीत लावू नये. तिथे वरून किती दारं ओलांडली हे मोजावं.

नकाशावरून आपोआप जाळं बांधताना आणखी एक घोळ हमखास होतो. कालवा ओढ्यावरून जलसेतूनं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून, जातो तिथे रेघा एकमेकींना छेदतात, पण पाणी पाण्याला मिळत नाही. तिथे बिंदू धरला की सगळा हिशेब चुकतो. याच्या उलट, एक जोड नकाशावर मुळी नसतोच: कालव्याचं पाणी शेतात मुरतं, विहिरींना लागतं आणि ओढ्यांतून परत नीरेत उतरतं. तेवढ्यापुरता वृक्ष मोडतो आणि वेढा तयार होतो. वीरच्या खाली नीरेत दिसणारं पाणी त्यामुळे सगळंच धरणातून सोडलेलं नसतं; त्यातलं काही बारामती-फलटणच्या उसातून झिरपून आलेलं असतं.